खांबेटे डॉक्टरांची गोड जीभ

पुण्यात राहणाऱ्या जपानी आयांना विचाराल, तर भारतातला सर्वांत मृदुभाषी माणूस म्हणजे डॉक्टर अनिरुद्ध खांबेटे. हेच इथल्या मराठी आयांना विचाराल, तर त्या आधी तुमच्याकडे नीट निरखून बघतील, चेष्टा तर करत नाही ना म्हणून. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि या दोन खऱ्यांच्या मधोमध एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर आम्रपाली गायसमुद्रे बसलेली असायची.

बाणेरच्या ‘चिमणचारा बाल रुग्णालया’त आम्रपाली दुभाषी होती. तिच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव इतकं लांबलचक होतं, की ओळखपत्रावर ते मावलं नाही आणि छापणाऱ्याने जागा संपली तिथे ते सोडून दिलं. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत जपानी साहेब आले, साहेबांमागून त्यांच्या बायका आल्या, पोरं आली, पोरांमागून सर्दी-खोकला आला. तेव्हा रुग्णालयाच्या मालकांना एकाएकी आंतरराष्ट्रीय बंधुभावाचा उमाळा आला. एका खोलीला ‘जपानी कक्ष’ म्हणायचं ठरलं. भिंतीवर प्लॅस्टिकची गुलाबी फुलं चिकटवली, तुळशीबागेतून कागदी कंदील आणला आणि गणपतीशेजारी ते हात हलवणारं सोनेरी मांजर बसवलं. एवढा थाट झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की डॉक्टरांना जपानी येत नाही. मग आम्रपालीला घेतलं.

आम्रपाली हडपसरची. वडील पोपटराव एका कारखान्यात फिटर होते. ती सातवीत असताना त्यांच्या विहारात जपानहून एक भिक्खू आले होते. त्यांचं शांत बोलणं ऐकून पोपटराव इतके भारावले, की घरी येऊन म्हणाले, “पोरी, तथागताला मानणाऱ्यांची भाषा आहे ती. तू ती शीक.” पोरीने मनावर घेतलं. कॉलेज सांभाळून चार परीक्षा दिल्या आणि नोकरीला लागल्यावर तिला कळलं, की पुण्यात येणारे जपानी तथागतासाठी येत नाहीत, गाड्यांच्या ब्रेकसाठी येतात. पोपटरावांना तिने हे कधी सांगितलं नाही. चांगल्या माणसाचा हिरमोड करू नये, ही सवय तिला तेव्हापासूनची.

आधी चार वर्षं ती हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. जपानी ग्राहकांची पत्रं इंग्रजीत करायची. तिथे ती एक गोष्ट पक्की शिकली. जपानी माणूस ‘जरा काळजी वाटते’ असं लिहितो, तेव्हा तिकडे आग लागलेली असते. हे तिने साहेबाला हजारदा समजावलं होतं. रोज कंपनीच्या बसमध्ये दोन तास जाताना आणि दोन तास येताना तिला पुरेपूर वीट आला, तेव्हा ती चिमणचाऱ्यात आली. इथेही हडपसरहून बाणेर म्हणजे सगळं शहर ओलांडायचं होतं. पण निदान पलीकडच्या टोकाला मुलं भेटतील, असं तिला वाटलं.

मुलं भेटली, आणि खांबेटे डॉक्टरही भेटले.

डॉक्टर हुशार, हाताला गुण असलेले, आणि जिभेला सुपारी कातरायचा अडकित्ता लावलेले. बाहेर त्यांनी स्वतः लिहिलेला फलक होता: ‘आजारी मूल आहे, खानदान नव्हे. एकानेच आत यावे.’ त्याखाली जपानीत लिहायची जबाबदारी आम्रपालीवर आली. तिने लिहिलं: ‘आपल्या काळजीत आम्हीही सहभागी आहोत. खोली लहान असल्याबद्दल क्षमा असावी. कृपया एकेकाने यावे ही विनंती.’ जपानी आया तो फलक वाचून त्यालाच किंचित वाकून नमस्कार करत. डॉक्टर म्हणायचे, “बघा, शिस्त म्हणतात ती ही. आपल्या लोकांना फलक वाचून राग येतो.”

पहिल्याच आठवड्यात एका आईने वही उघडून विचारलं, की बाळाच्या आंघोळीचं पाणी किती अंशांचं असावं? डॉक्टर म्हणाले, “आंघोळ घालायचीय का चहा करायचाय?” बाई पेन सरसावून आम्रपालीकडे बघत राहिल्या. आम्रपालीला क्षणभर घाम फुटला. मग ती जपानीत म्हणाली, “सेन्सेइ म्हणतात, तुमच्या कोपराला जे पाणी सुखाचं वाटेल, तेच बाळालाही सुखाचं वाटेल.” तिकडे डॉक्टरांना सेन्सेइच म्हणतात. बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आठवडाभरात पुण्यातल्या यच्चयावत जपानी आयांमध्ये ते वाक्य फिरलं आणि जपानी कक्षाबाहेर रांग लागली.

इथून आम्रपालीला चटक लागली. डॉक्टर म्हणायचे, “यांना म्हणावं, शिंकेला डॉक्टर लागत नाही, रुमाल लागतो.” ती सांगायची, “सेन्सेइंना आनंद आहे, की तुम्ही इतक्या लवकर लक्ष दिलंत.” आयांचा प्रश्न वेगळाच. त्यांची तऱ्हा ताकाला जाऊन भांडं लपवायची. आधी वेळ घेतल्याबद्दल क्षमा, मग हवेबद्दल दोन शब्द, मग ‘कदाचित माझंच चुकत असेल’, आणि मग कुठेतरी तळाशी, बुडाला लागलेल्या साखरेसारखी, मुलाची तक्रार. जोडीला ती वही. जपानात गरोदरपणीच सरकारी कचेरीतून प्रत्येक आईला एक वही मिळते, आणि मुलाचं पहिलं पाऊल, पहिला दात, सगळ्या लसी, सगळे ताप त्यात उतरतात. वही उघडली की डॉक्टर कपाळाला हात लावायचे. “आम्रपाली, मला ताप सांगा. तापाची कादंबरी नको.”

मग आम्रपाली दहा वाक्यं ऐकून एक सांगू लागली. इकडून येणारं तिखट गाळायचं, तिकडून येणारा पाल्हाळ गाळायचा. तीन वर्षांत दोन देशांत एकही भांडण झालं नाही, याचा तिला कोण अभिमान! घरी जेवताना ती दिवसभराचे किस्से सांगायची आणि तिची आई हिराबाई हसून हसून पाणी पिण्यासाठी उठायची. पोपटराव मात्र एकदा म्हणाले होते, “त्यांचं त्यांना सांगायचं, तर मधे तू कशाला गं?” आम्रपालीला वाटलं, बाबांना हे काम कळत नाही.

शनिवारी होनामी मिझुतानी रेनला घेऊन आल्या. त्यांची थोरली मुलगी तीन वर्षांपासून डॉक्टरांकडे दाखवायला येत होती. रेनच्या वेळी त्या नागोयाला माहेरी गेल्या होत्या. (“म्हणजे तिकडेही बाळंतपण माहेरालाच की!” असं म्हणून हिराबाईने त्या देशाला तत्काळ मान्यता दिली होती.) तेरा महिन्यांचा रेन एरवी कक्षातल्या सोनेरी मांजराचा हात धरून ओढणारा. आज आईच्या खांद्यावर मान टाकून पडला होता.

मिझुतानीबाईंनी क्षमा मागितली, हवेबद्दल बोलल्या, वही उघडली. गुरुवारी सकाळपासून ताप, दर दोन तासांचा आकडा. औषधाने उतरतो, पुन्हा चढतो. रेन रडत होता, बाहेर बारा जण खोळंबले होते, डॉक्टर घड्याळाकडे बघत छाती तपासत होते. मिझुतानीबाई आणखी हळू आवाजात म्हणाल्या, “दंडावरचा लसीचा शिक्का थोडा लाल झाल्यासारखा वाटतो. बहुधा माझाच भास असेल. पण जरा काळजी वाटली.”

जपानात बीसीजीची लस आपल्यासारखी एका टोचणीने देत नाहीत. नऊ बारीक सुयांचा शिक्का दोनदा दाबतात, म्हणून दंडावर अठरा ठिपके उमटतात. आम्रपालीने ते शंभर मुलांच्या दंडांवर पाहिले होते.

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“तीन दिवस ताप आहे, सर. औषधाने उतरतो. बाकी विशेष काही नाही.”

“व्हायरल आहे. मंगळवारपर्यंत नाही गेला तर दाखवा. आणि त्यांना म्हणावं, तो थर्मामीटर कपाटात टाकून किल्ली नवऱ्याकडे द्या, म्हणजे आईचा ताप उतरेल.”

“सेन्सेइ म्हणतात, तुमच्या नोंदींची फार मदत झाली,” आम्रपाली जपानीत म्हणाली. “ही साथीची सर्दी-ताप वाटते. मंगळवारी पुन्हा या. आणि स्वतःचीही काळजी घ्या.”

मिझुतानीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कमरेत वाकून नमस्कार करून गेल्या. असे भरून आलेले डोळे बघितले की आम्रपालीचा दिवस सार्थकी लागायचा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी डॉक्टरांचा जाहीर सत्कार होता. ‘सुसंवाद मंडळ’ नावाच्या एका हौशी मंडळाने त्यांना ‘सेतुरत्न’ पुरस्कार दिला होता, भाषेच्या भिंती ओलांडून मातांच्या हृदयाशी बोलणारा डॉक्टर म्हणून. निमंत्रणपत्रिकेत अध्यक्ष होते, प्रमुख पाहुणे होते, सतरंजी देणाऱ्याचे आभार होते. आम्रपालीचं नाव नव्हतं. तिच्याकडे नारळाचं तबक धरायचं काम होतं. ते तिने हिराबाईची इरकली नेसून चोख केलं. डॉक्टरांना शाल घातली, पुणेरी पगडी घातली, आणि ते सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. “संवाद,” ते म्हणाले, “हा शब्दांचा नसतो. मी त्या मातांच्या डोळ्यांत बघतो आणि मला सगळं कळतं.” टाळ्या पडल्या.

त्याच वेळी आम्रपालीचा फोन थरथरला. मिझुतानीबाईंचा मेसेज होता. रविवारी त्रास देत असल्याबद्दल चार ओळी क्षमा, कालच्या आपुलकीबद्दल तीन ओळी आभार. मग: ‘आज रेनचे डोळे लाल आहेत. ओठही. शिक्का कालपेक्षा लाल दिसतो. नागोयाहून माझी आई एका आजाराचं नाव घेते आहे. पण काल सेन्सेइंनी सगळं ऐकून घेतलं होतं, तेव्हा त्यांच्यापुढे मी ते नाव काढणं उद्धटपणाचं होईल. कृपया त्यांना आज सांगू नका. जरा काळजी वाटली, इतकंच.’ खाली रेनच्या दंडाचा फोटो होता. अठराच्या अठरा ठिपके एका लाल चकत्यावर उठून दिसत होते.

आम्रपालीने सवयीने उत्तर लिहायला घेतलं, ‘काळजी करू नका’. तिथेच तिचं बोट थांबलं. जरा काळजी वाटली! हिंजवडीत ज्या तीन शब्दांवर ती साहेबाला धावपळ करायला लावायची, तेच तीन शब्द काल तिने स्वतः गिळले होते. सेन्सेइंनी ऐकून घेतलं होतं म्हणे. सेन्सेइंच्या कानावर गेलंच कुठे होतं? नागोयाची आजी कोणत्या आजाराचं नाव घेत असेल, हे तिला ठाऊक होतं. कावासाकी. नाव जपानी, आणि तिथल्या आयांना आपल्याकडच्या कांजिण्यांइतकं तोंडपाठ. बीसीजीचा जुना व्रण लाल होणं ही त्याची एक खूण. ताप जातो, पण वेळेत औषध मिळालं नाही तर मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगवून जातो.

तिने कागदावर लिहिलं, ‘रेन मिझुतानी, तातडीचं’, घडी घातली आणि मंचावर नेऊन दिली.

आता आपल्याकडे भाषण चालू असताना मंचावर आलेल्या चिठ्ठीचा अर्थ एकच असतो, आणि कसलेला वक्ता ती उघडून बघत नसतो. डॉक्टरांनी ती पाण्याच्या पेल्याखाली सारली. “मंडळाची सूचना आली आहे, पण पाचच मिनिटं घेतो.” लोक हसले. आम्रपालीने दुसरी चिठ्ठी दिली. ती पहिलीवर बसली. “मंडळापेक्षा पेशंट बरे, निदान ते गप्प बसतात,” डॉक्टर म्हणाले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

तबक खुर्चीवर ठेवून आम्रपाली सरळ माइकपाशी जाऊन उभी राहिली.

“सर, मिझुतानींच्या रेनचा बीसीजीचा व्रण लाल झालाय. डोळे लाल आहेत, ओठ लाल आहेत. तापाचा चौथा दिवस.”

माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची सगळी पुणेरी ऐट खाली उतरली, आणि मागे फक्त मुलांचा डॉक्टर उरला.

“व्रण कधीपासून?”

“कालपासून. काल त्या म्हणाल्या होत्या.”

“मला नाही म्हणाल्या.”

“मला म्हणाल्या, सर. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

प्रमुख पाहुण्यांनी खोकून घेतलं. डॉक्टरांनी त्यावर एक क्षणही घालवला नाही. “त्यांना आत्ताच्या आत्ता बोलवा. हमीदा सिस्टरला फोन करून हृदयाच्या सोनोग्राफीची तयारी ठेवायला सांगा.” ‘सेतुरत्न’चं सन्मानचिन्ह टेबलावरच राहिलं. शाल पायात अडकली तेव्हा त्यांनी ती काढून अध्यक्षांच्या मांडीवर टाकली. पगडीचं मात्र भान राहिलं नाही. ती घालूनच ते गाडी हाकत रुग्णालयात आले, आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांना लग्नाच्या शुभेच्छा दिल्या.

रेनचा सदरा काढला. कालही काढायला हवा होता, हे डॉक्टर स्वतःशीच दोनदा पुटपुटले. तळवे सुजले होते, जीभ लाल झाली होती, आता कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती. सोनोग्राफी होईपर्यंत आम्रपाली दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. तीन वर्षं आपण माणसांना जोडत होतो म्हणे! आपण त्यांना एकमेकांची तोंडंसुद्धा दिसू दिली नाहीत. एका तेरा महिन्यांच्या मुलाचं काळीज आपल्या गोडबोलेपणावर टांगलं होतं, आणि आपण काल संध्याकाळी तेच मिटक्या मारत आईला सांगत होतो.

हमीदा सिस्टर बाहेर आल्या. “रक्तवाहिन्या अजून ठीक आहेत. पक्क्या निदानासाठी तापाच्या पाचव्या दिवसाची वाट न बघता सर आजच औषध चालू करतायत.” मग खाली बघून म्हणाल्या, “तेवढी ती पगडी उतरवायला सांगा कोणीतरी. मला हसू येतंय आणि आज हसायचं नाहीये.”

दुपारी चारच्या सुमारास सलाइनमधून औषधाचे थेंब पडू लागले. रेन झोपला. मिझुतानीबाई उशाशी बसल्या होत्या, मांडीवर वही. त्यांचा सकाळचा मेसेज आम्रपालीने एव्हाना डॉक्टरांना वाचून दाखवला होता. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे तपासले, आणि औषध सुरळीत चालल्याची खात्री पटताच त्यांची जीभ पुन्हा जागेवर आली.

“बाई, आजाराचं नाव तुम्हाला माहीत. लक्षणं माहीत. वहीत तारीखवार लिहून ठेवलीत. मग तोंडाला कुलूप कशाला? पोराचा ताप दशांशात मोजता येतो आणि डॉक्टरला ‘इकडे बघा’ म्हणून ओरडता येत नाही? मुलापेक्षा शिष्टाचार मोठा झाला का तुम्हाला?”

मिझुतानीबाईंनी सवयीने पेन उघडलं आणि आम्रपालीकडे बघितलं.

आम्रपालीच्या ओठांवर गोड वाक्य आयतं आलं होतं. सेन्सेइंना तुमच्या संयमाचं कौतुक वाटतं. तिने ते गिळलं आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं, कुलपासकट, जपानीत सांगितलं. मग आपलंही सांगितलं: काल शिक्क्याबद्दल तुम्ही म्हणालात ते यांच्यापर्यंत पोचलंच नाही, मी ते गाळलं. आणि कोपराचं पाणी, नोंदींचं कौतुक, स्वतःची काळजी घ्या, यातलं काहीही हे कधी बोललेले नाहीत.

मिझुतानीबाईंनी पेनाला टोपण लावलं. रेनच्या दंडावर हात ठेवला. मग बोलल्या त्या क्षमा न मागता, हवेबद्दल काही न म्हणता.

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं. “सगळं सांगा.”

“त्या म्हणतायत,” आम्रपाली म्हणाली, “हे डॉक्टर असे बोलतात हे मला माहीत असतं, तर काल मी रेनची बाही वर करून त्यांच्या नाकासमोर धरली असती. अशा माणसाशी भांडता येतं. पण काल मी सांगितलं आणि ते काही बोलले नाहीत, तेव्हा मला वाटलं, एवढा प्रेमळ माणूस दुर्लक्ष करणार नाही, त्या अर्थी काही नसेल. त्या गोड डॉक्टरांवर विश्वास ठेवला, म्हणून मी गप्प बसले.”

डॉक्टरांच्या कपाळावर आठी चढली.

“कोण गोड डॉक्टर? आधी दुसरीकडे दाखवलं होतं का यांनी?”

“दुसरीकडे नाही, सर,” आम्रपाली म्हणाली. “इथेच. ती मी होते.”